तीन खांबांचं अंतर

भुसावळात समुपदेशन करायला बसलं की रेल्वे आपोआप खोलीत येते. समोर बसलेल्याचं कुणी ना कुणी लोको शेडमध्ये, यार्डात, नाहीतर लाइनवर असतंच. लोको पायलटच्या, म्हणजे इंजिन चालवणाऱ्यांच्या, बायका एक गोष्ट हमखास विचारतात. "ताई, हे घरी असतात, पण घरात नसतात. बोलत नाहीत, उगाच चिडतात, झोपेचं तर खोबरंच झालंय. काय करू मी?"

बहुतेकदा याचं उत्तर ड्यूटीच्या वेळांमध्ये सापडतं. आज ज्या घराबद्दल लिहिते आहे, त्या घरात ते तिथं नव्हतं. हे कळायला मला तीन भेटी लागल्या आणि त्याची रुखरुख अजून आहे. दोघांच्या संमतीनंच लिहिते आहे. ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्या आहेत. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे त्यांना भाऊ आणि वहिनी म्हणते.

वहिनी पहिल्यांदा एकट्याच आल्या. सांगायचं काही राहू नये म्हणून मुलीच्या वहीच्या पानावर लिहून आणलं होतं. रात्री दोनला उठून गॅलरीत बसतात. दार आपटलं की पोरीच्या अंगावर धावून जातात. जेवताना ताटात बघत राहतात. कुकरची शिट्टी झाली की दचकतात आणि हात असा, असं म्हणून त्यांनी स्वतःची मूठ आवळून पुढं ढकलून दाखवली. चहा बिनदुधाचा मागतात. या शेवटच्या ओळीवर त्या स्वतःच म्हणाल्या, "ॲसिडिटी झाली म्हणतात. ते जाऊ द्या." मी जाऊ दिलं.

मग अगदी हळू आवाजात त्यांनी मनातलं विचारलं. "दुसरी कुणी असेल का?" दारूचा संशय त्यांनी आधीच बाजूला काढला होता. ड्यूटीवर चढताना लॉबीत, म्हणजे हजेरीच्या ऑफिसात, तोंडाला यंत्र लावून तपासतात, त्यात काही सापडलं की नोकरीवरच गदा येते. भाऊंनी आयुष्यात कधी घेतली नाही. "तरी मी दोनदा तोंडाचा वास घेतला ताई, झोपलेले असताना," म्हणाल्या आणि रडल्या.

ज्यांच्या घरात लाइनवरचं माणूस नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. या नोकरीला घड्याळ आहे, पण दिवस-रात्र नाही. ड्यूटीच्या साधारण दोन तास आधी कॉल येतो. पूर्वी कॉल बॉय सायकलवर वही घेऊन दारात यायचा आणि सही घेऊन जायचा, आता फोन वाजतो. रात्री साडेअकराला वाजला तर साडेअकराला उठायचं. लॉबीत साइन ऑन, श्वासाची तपासणी, कॉशन ऑर्डर, म्हणजे वेग कुठं कमी ठेवायचा त्याचा कागद, हातात, मग इंजिन. सहा-आठ तास गाडी चालवून इगतपुरी, खांडवा, बडनेरा अशा ठिकाणच्या रनिंग रूममध्ये भरदिवसा पडदे ओढून झोपायचं आणि परत कॉल आला की उठायचं. मुख्यालयातल्या, म्हणजे आपल्या गावातल्या, मोठ्या विश्रांतीचा नियम आहे, महिन्यातून 30 तासांच्या चार किंवा 22 तासांच्या पाच. म्हणजे "आज रविवार आहे, घरी असाल ना?" या प्रश्नाला अर्थच उरत नाही. नवरा घरी असतो तेव्हा झोपलेला असतो. तो झोपलेला असतो म्हणून पोरं कुजबुजत खेळतात, टीव्ही मुका असतो, मिक्सर बंद असतो. आठवडाभर असं जगलं की कुणालाही वाटेल, हा माणूस घरात नसतोच.

म्हणून मी तेच धरलं. पुढच्या दोन भेटींना भाऊही आले आणि आम्ही झोपेवर काम केलं. मागच्या खोलीला जाड काळा पडदा लावला. रात्रपाळीहून आल्यावर उन्हात फार रेंगाळायचं नाही, झोपेच्या आधीच्या पाच-सहा तासांत चहा-कॉफी नाही. कॉल येण्याआधी अर्धा-पाऊण तास मुलीजवळ बसायचं, झोप पूर्ण झालेली नसली तरी. हे सगळं खरं आहे आणि अनेक घरांना याचा उपयोग होतो. पहाटे तीन ते पाच या वेळात शरीर माणसाला आडवं करायला बघतं, कितीही वर्षांची सवय असो. त्या वेळी सिग्नल पाहणाऱ्याची दिवसाची झोप घरच्यांनी जपणं हे मोठं काम आहे, आणि या बायका ते वर्षानुवर्षं कुणी न सांगता करतात.

भाऊ सगळं ऐकायचे, मान हलवायचे, "हो मॅडम" म्हणायचे. फरक काही पडला नाही.

तिसऱ्या भेटीत आमच्याकडच्या बाईंनी सवयीनं तीन कप दुधाचा चहा आणून ठेवला. भाऊंनी कपाकडे पाहिलं आणि खुर्ची मागं सरकवली. दोन बोटं इतकीच. त्यांच्या हाताची मूठ आवळली गेली आणि पुढं सरकली, अगदी वहिनींनी दाखवली होती तशी. मी कप उचलून बाहेर नेऊन ठेवला. परत आल्यावर विचारलं, "भाऊ, दूध कुठं सांडलं होतं?"

का तसं विचारलं, मला आजही नीट सांगता येत नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग एक आकडा म्हणाले. किलोमीटर आणि त्यापुढे खांबाचा क्रमांक.

वरच्या विजेच्या तारा ज्या खांबांवर असतात, त्या प्रत्येक खांबावर असा क्रमांक रंगवलेला असतो. लाइनवरची माणसं जागा अशाच सांगतात. भाऊ पाच महिने तो आकडा मनात घेऊन फिरत होते, आणि घरात तो कुणालाच ठाऊक नव्हता.

हिवाळ्यातली सकाळ, चाळीसगावच्या अलीकडचा सरळ पट्टा. मेल गाडी, वेग ताशी 110. शेजारच्या रुळावरून समोरून मालगाडी येत होती. रुळांच्या पलीकडे एक माणूस हातात दुधाची किटली घेऊन ती मालगाडी जायची वाट बघत उभा होता. शेवटचा वॅगन पुढून गेला, तसा तो निघाला. मालगाडीच्या शेपटामागून थेट भाऊंच्या रुळावर. दुसरीही गाडी येत असेल हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. अजून मालगाडीचाच खडखडाट कानात होता. दुहेरी मार्गावर माणसं अशीच जातात. एक गाडी गेली की रस्ता मोकळा झाला असं वाटतं.

"दिसला तेव्हा तीन खांब लांब होता. मी हॉर्न दिला. बाजूला होईल असं वाटलं. झाला नाही. मग ए-नाइन इमर्जन्सीला टाकला." ए-नाइन म्हणजे साऱ्या गाडीला ब्रेक लावणारा दांडा. "शेवटी त्यानं मान वळवली मॅडम. माझ्याकडे बघितलं."

गाडी त्या जागेच्या पुढे तेराव्या खांबापाशी थांबली. शेवटचा डबासुद्धा त्या जागेच्या पुढे गेलेला, म्हणून गार्ड उतरून मागं चालत गेले. वॉकीटॉकीवर बोलणं झालं, पुढच्या स्टेशनला मेमो दिला. तिथं भाऊ टॉर्च घेऊन इंजिनाची पुढची बाजू तपासायला उतरले, कारण काही अडकलं-तुटलं नाही ना हे बघितल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नाही. काऊ कॅचरच्या पट्टीत किटलीचं झाकण अडकलं होतं. वाकलं नव्हतं, साधा पोचाही नव्हता. आतल्या बाजूला साय चिकटलेली होती. त्यांनी ते हातानं काढलं, प्लॅटफॉर्मच्या कडेला ठेवलं आणि पुढचे तीन तास गाडी चालवली.

वहिनी शेजारच्याच खुर्चीत होत्या. पाच महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं. त्या दिवशी भाऊ घरी आले तेव्हा आपण काय केलं होतं ते त्यांना आठवलं. चहा करून दिला होता.

लाइनवर याला रनओव्हर म्हणतात. बरीच वर्षं गाडी चालवलेला लोको पायलट यातून गेलेला नाही असं फार क्वचित. मुंबईच्या उपनगरी मार्गांवर, कोविडचा काळ सोडला तर, वर्षाला हजाराहून जास्त माणसं रुळ ओलांडताना आणि गाडीतून पडून जातात. तिथल्या मोटरमनच्या वाट्याला हे किती वेळा येत असेल, याचा विचार आपण करत नाही. लोकांच्या बोलण्यात मेलेला माणूस येतो, गाडीला झालेला उशीर येतो. काचेमागं बसलेला माणूस येत नाही.

भाऊंचं ओझं एका जागी बोट ठेवता येईल इतकं नेमकं होतं. "मी आधी हॉर्न दिला. आधी ब्रेक टाकायला हवा होता. ते दोन सेकंद माझे आहेत."

"तुमची काही चूक नाही" हे वाक्य मला म्हणायचं नव्हतं. ते त्यांना सगळ्यांनी म्हणून झालं होतं, गार्डनं, पोलिसांनी, लॉबीतल्या मित्रांनी. रुळांवर विनापरवाना जाणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, हेही त्यांना पाठ होतं. त्यांच्या दृष्टीनं ही सगळी सूट देणारी वाक्यं होती, आणि सूट त्यालाच देतात ज्यानं काही केलेलं असतं. मी त्यांच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं. म्हटलं, "इंजिन तुम्हाला कळतं, मला कळत नाही. मला मांडून दाखवा."

मांडता मांडता पहिल्यांदा त्यांचा आवाज कामावरच्या माणसासारखा झाला. दोन खांबांमध्ये साधारण साठ मीटर, म्हणजे तीन खांब 180 मीटर. ताशी 110 म्हणजे सेकंदाला साडेतीस मीटर. एकूण हाताशी आलेला वेळ, सहा सेकंद. त्या वेगात इमर्जन्सी ब्रेक लावला तरी एवढी मोठी गाडी उभी राहायला किलोमीटरभर लागतो. पाइपातली हवा शेवटच्या डब्यापर्यंत उतरायलाच काही सेकंद जातात. एकट्या इंजिनाचं वजन 123 टन, मागं बावीस डबे.

"आता असं धरा," मी म्हटलं, "तो दिसला त्याच क्षणी ब्रेक टाकला. हॉर्न नाही. आणि ब्रेक पहिल्या क्षणापासून पुरा लागला. त्या जागी पोचताना वेग किती असता?"

त्यांनी आकडेमोड केली. पेन थांबलं. परत केली. "शंभरच्या जवळ."

"आणि त्याला किती वेळ जास्त मिळाला असता?"

त्यांनी बरेच आकडे खोडले. "पाव सेकंदसुद्धा नाही."

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मी जे खरं वाटलं ते बोलले. "म्हणजे भाऊ, त्या सहा सेकंदांत ब्रेकच्या हातात काही नव्हतं. त्याला वाचवू शकेल अशी एकच गोष्ट तुमच्या गाडीत होती, ती म्हणजे हॉर्न. आणि तीच तुम्ही सगळ्यात आधी वापरली."

वहिनींनी हा कागद मागून घेतला. अजून त्यांच्या देव्हाऱ्याच्या खणात आहे.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पुढच्या भेटीत भाऊ म्हणाले, "आकडा पटला मॅडम. हाताला पटत नाही." आणि खरंच आहे ते. अशा प्रसंगाची आठवण दोन ठिकाणी राहते. एक आपल्याला सांगता येते अशी, आधी-नंतरचा क्रम असलेली. दुसरी शरीरात. तिला क्रम नसतो, तारीख नसते. कुकरची शिट्टी ऐकली की तिच्यासाठी ती सकाळ आत्ता चालू असते, आणि हात ब्रेक शोधतो. दुधाच्या वासानं तेच. रात्री दोनला तेच. माणूस यात वेडा झालेला नसतो. धोक्याच्या वेळी जागं राहायला शिकलेलं शरीर धोका संपल्याची खबर न मिळाल्यामुळे अजून जागं असतं.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत असं होणं फार स्वाभाविक आहे. तीच तीच चित्रं दिसणं, दचकणं, तोंडाची चव जाणं, माणसात असून नसल्यासारखं वाटणं. बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. महिना उलटून गेला तरी ओसरत नसेल, किंवा वाढतच असेल, तर मात्र मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवं. भाऊंना पाच महिने झाले होते. मी त्यांना जळगावला पाठवलं. आघातानंतरचा ताण-विकार असं निदान झालं, इंग्रजीत पीटीएसडी म्हणतात तो.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे ही माणसं आमच्याकडे येतच नाहीत. नोकरी. लोको पायलटची वैद्यकीय श्रेणी सगळ्यात कडक असते. पंचेचाळिशीनंतर दर दोन वर्षांनी पीएमई, म्हणजे ठरावीक काळानं होणारी वैद्यकीय तपासणी, होते. भाऊ 46 वर्षांचे. "डोक्याच्या डॉक्टरकडे गेलो हे कळलं तर डीकॅट करतील. मग खुर्चीत बसून कागद फिरवायचे, माइलेज गेलं, पोरीचं इंजिनिअरिंग कसं व्हायचं?" हे त्यांचे शब्द. डीकॅट म्हणजे वैद्यकीय श्रेणी खाली आणून इंजिनावरून उतरवणं, आणि माइलेज म्हणजे चालवलेल्या किलोमीटरवर मिळणारा भत्ता. या भीतीपोटी त्यांनी पाच महिने गाडी चालवली होती. मी विचारलं, पहाटे कसं जातं? तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "बटण हात दाबतो. मी नसतो."

इंजिनात एक यंत्र असतं. चालकानं साधारण मिनिटभर काहीच हालचाल केली नाही तर ते आधी दिव्यानं, मग आवाजानं इशारा देतं, आणि तरी उत्तर आलं नाही तर गाडीला आपोआप ब्रेक लागतो. चालक जागा आहे की नाही हे तपासणारं यंत्र. भाऊंचा हात सवयीनं त्याला उत्तर देत होता.

त्या दिवशी मला स्पष्ट बोलावं लागलं. तुम्ही मला सांगितलेलं माझ्याकडेच राहील, हे वचन मी पहिल्याच दिवशी दिलं होतं. पण त्याच दिवशी हेही सांगितलं होतं की कुणाच्या जिवाशी खेळ होत असेल तर मी गप्प बसणार नाही. मागं बावीस डबे आहेत. म्हणून आजच्या आज रेल्वेच्या डॉक्टरांना भेटा आणि सिकमध्ये जा. लाइनवरच्या भाषेत आजारी रजेला हेच म्हणतात. शिवाय नवीन सुरू झालेल्या गोळीनं सुस्ती येत होती, आणि ती गोळी लपवून इंजिनावर चढणं हे दारू पिऊन चढण्याइतकंच वाईट. कुठलीही गोळी, सर्दीची का असेना, झोप आणत असेल तर डॉक्टरांना ड्यूटी सांगूनच घ्यावी.

आणि कायदा काय म्हणतो तेही सांगितलं, कारण कॅन्टीनमधल्या गप्पांत तो कधी येत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016, कलम 20. सरकारी नोकरीत असताना अपंगत्व आलं, आणि मानसिक आजारही त्यात धरला आहे, तर त्या माणसाला कामावरून काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. आहे ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत झेपेल असं दुसरं द्यावं लागतं. माइलेज जातं हे खरं, ते मी नाकारलं नाही. पण रस्त्यावर कुणी आणत नाही. आणि भाऊंसारख्या वेळेवर उपचार घेतलेल्या बऱ्याच माणसांवर डीकॅट व्हायची वेळच येत नाही. दुखणं अंगावर काढलं तर ती जवळ येते.

ते सिकमध्ये गेले. पाच आठवडे.

उपचारांबद्दल थोडक्यात लिहिते, कारण वाचून घरी करून बघायची ही गोष्ट नव्हे. त्यासाठी शिकलेल्या माणसासमोर, सावकाश, त्या सकाळची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायची. साइन ऑनपासून सुरू करून घरी येऊन बूट काढेपर्यंत. दर वेळी तिला थोडा क्रम मिळतो, आणि ती "आता चालू आहे" मधून "त्या दिवशी घडली" मध्ये सरकते. चौथ्या वेळी भाऊंना आठवलं की मालगाडीच्या गार्डनं हिरवी झेंडी दाखवली होती. इतके महिने त्या सकाळीत फक्त एक चेहरा होता, आता तिच्यात आणखी माणसं आली. त्याबरोबर बाहेरची पावलं. आधी स्टेशनच्या पादचारी पुलावर उभं राहून गाड्या बघायच्या. मग घरात कुकर लावून स्वतः शेजारी उभं राहायचं. मग दिवसाउजेडी प्रवासी म्हणून चाळीसगावपर्यंत जाऊन यायचं, वहिनी सोबत. त्या खांबापाशी त्यांनी वहिनींचा हात धरला, आणि त्यांनी मला हे लाजत सांगितलं, कारण लग्नाला एकवीस वर्षं झाली होती.

भाऊंना पितृपक्षात त्या माणसासाठी काही करायचं होतं. नाव पंचनाम्यातून कळलेलं, लाइन बॉक्समध्ये, म्हणजे ड्यूटीवर न्यायच्या पेटीत, घडी घालून ठेवलेलं. मला विचारलं, करू का. मी म्हटलं, जरूर करा. सर्वपित्रीला ज्याचं कुणी नाही त्यालाही पाणी देतात, ही आपल्याकडची समज शहाणी आहे. ते तापीवर जाऊन आले. त्याच्या घरी जायचंही त्यांच्या मनात होतं. तिथं मात्र मी थांबवलं. त्यांचं दुःख ताजं आहे, तुम्ही दारात उभे राहिलात की त्यांना तुम्हाला सांभाळावं लागेल, नाहीतर तुमच्यावर ओरडावं लागेल. दोन्ही त्यांच्यावर लादायला नको. भाऊंना हे पूर्ण पटलं नाही. अजूनही नाही.

मला सर्वांत जास्त हलवून गेली ती त्यांच्या असिस्टंटची गोष्ट. त्या सकाळी केबिनमध्ये दोघं होते. दुसरा सव्वीस वर्षांचा पोरगा, नोकरीला दीड वर्ष झालेलं. मी विचारलं, त्याच्याशी बोललात का? भाऊ चमकले. त्या दिवसानंतर दोघांची ड्यूटी एकत्र लागलीच नव्हती, आणि लॉबीत समोरासमोर आले तर दोघंही मोबाइल काढायचे. भाऊंना वाटायचं, पोरगा मनात म्हणत असेल, यांनी ब्रेक उशिरा टाकला. शेवटी त्यांनी फोन केला. पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग तो म्हणाला, "साहेब, मला वाटलं तुम्ही माझ्यावर चिडलात. मी आधी ओरडायला पाहिजे होतं. मला तो तुमच्याआधी दिसला होता." एकाच सहा सेकंदांची वाटणी दोघांनी स्वतंत्रपणे, पूर्णच्या पूर्ण स्वतःच्या नावावर करून घेतली होती. तोही पुढं माझ्याकडे आला. त्याची गोष्ट त्याची आहे, ती इथं नाही सांगत.

घरच्यांना मी काय सांगते ते वहिनींच्याच अनुभवातून लिहिते. ज्या दिवशी असं काही घडून माणूस घरी येतो, त्या दिवशी त्याच्याकडून सगळं वदवून घ्यायला जाऊ नका. ऊन पाणी द्या, जेवायला वाढा, शेजारी बसा. बोलला तर ऐका, नाही बोलला तर दुसऱ्या दिवशीही शेजारी बसा. "विसरून जा", "त्याचं मरण आलं होतं", "तुमच्याच वाट्याला का येतं" यातलं काही म्हणू नका. आणि मुळात घडलं आहे हे तुम्हाला कळायला हवं, म्हणून चांगल्या दिवसांत कधीतरी आधीच विचारून ठेवा: असं काही झालं तर मला सांगाल ना? फोनवर नुसतं "आज रनओव्हर झाला" एवढं म्हटलं तरी पुरे. वहिनींना ते दोन शब्द मिळाले असते तर त्यांनी झोपलेल्या नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला नसता.

घरात जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली तर मात्र वाट बघू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. बायकोनं स्वतःसाठी फोन केला तरी चालतो. केलाच पाहिजे, असं मी म्हणेन. वहिनींची पाच महिन्यांची झोप कुणी मोजली नव्हती.

भाऊ परत ड्यूटीवर गेले तेव्हा गोळीची मात्रा डॉक्टरांनी बदलून दिली होती आणि फिट असल्याचा कागद मिळाला होता. त्यांनी त्यांच्या लोको इन्स्पेक्टरना आधीच जाऊन सगळं सांगितलं. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं. पहिल्या खेपेला इन्स्पेक्टर स्वतः फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनाच्या केबिनमध्ये, उभे होते, आणि असिस्टंट म्हणून तोच पोरगा मागून घेतला होता.

दुपारी इगतपुरीच्या रनिंग रूममधून फोन आला. "ताई, पोचलो." तोपर्यंत मी मॅडम होते. "तो खांब आला तेव्हा पोरानं सिग्नल पुकारला. हिरवा. मीपण पुकारला. हॉर्न दिला, लांब. आणि गेलो."

"हात?" मी विचारलं.

"हात थोडा आला होता पुढं. बघितलं त्याच्याकडे, ठेवला परत."

चहा अजून काळाच घेतात. वहिनींनी दोन आधणं वेगळी ठेवायला सुरुवात केली आहे, आणि ॲसिडिटीचं नाव आता घरात कुणी काढत नाही.